पार्लरबाईंचा कॉम्प्युटर क्लास

हसू नका, पण अख्ख्या गल्लीला वाटलं होतं की दूध केंद्राच्या जुन्या खोलीत ब्युटी पार्लर उघडतंय. वाटणारच हो! एके दिवशी टेम्पो आला. त्यातून चाकांच्या खुर्च्या उतरल्या, चादरींत गुंडाळलेली चौकोनी खोकी उतरली आणि सगळ्यांच्या मागून उतरली गावात नवीनच राहायला आलेली एक बाई. कापलेले केस, डोळ्यांवर काळा चष्मा, ओठांना रंग. दुसऱ्या दिवशी खिडकीला जाड पडदा लागला. आता तुम्हीच सांगा, आत फिरत्या खुर्च्या आणि बाहेर पडदा म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजणार? पाटी रंगवायला दिली होती म्हणे, पण पेंटरचं स्वतःचंच लग्न निघालं आणि पाटी राहिली त्याच्या अंगणात उन्हं खात.

आठवडाभर सगळ्या बायका पडद्याकडे बघत येजा करत होत्या. आत शिरायची हिंमत केली ती शिवणमावशीनं. कोपऱ्यावर तिचं शिलाई मशीन, तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे गावातली ती एकमेव बाई जी काही वेळ तरी गप्प असते. तिच्या भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं. मावशी आत गेली, दिसेल त्या खुर्चीत बसली, मान मागे टाकली आणि डोळे मिटून म्हणाली, "आधी भुवया करा, मग वरचा ओठ. आणि जपून हं, मला सवय नाही."

खोली दुधाची. कॅन धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून फरशीला मधल्या मोरीकडे उतार. मावशीनं पाय वर घेतले मात्र, खुर्ची निघाली मोरीच्या दिशेनं, सावकाश, अगदी थाटात.

"अहो, अहो!" करत बाईंनी खुर्ची धरली. आठवडाभर त्या त्याच खोलीत वाट बघत बसल्या होत्या. एका कोंबडीशिवाय कोणी फिरकलं नव्हतं. आणि आता आपल्या पायांनी चालत एक माणूस आलं होतं, तेही डोळे मिटून. तिला परत पाठवण्याइतक्या बाई काही खुळ्या नव्हत्या.

"भुवयांचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. "आधी हे हातात धरा."

मावशीनं एक डोळा उघडला. "हा काय, साबण?"

"याला माउस म्हणतात. जरा सरकवा. आता समोर बघा."

समोरच्या काचेवर एक छोटासा पांढरा बाण होता. तो मावशीच्या हाताबरोबर सरकला. मावशीनं दुसराही डोळा उघडला. "अगं बाई! माझ्या हातानं हलला?"

"तुमच्याच."

"मी थांबवलं की थांबतो?"

"थांबवून बघा ना."

मावशीनं थांबवला. चालवला. पुन्हा थांबवला. "आमच्या घरात एवढं ऐकणारं कोणी नाही," ती म्हणाली आणि भुवया तशाच घेऊन घरी गेली. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की ते पार्लर नाही, कॉम्प्युटरचा क्लास आहे. पण नाव पडलं ते पडलं. पाटी लागली, त्यावर ठळक अक्षरात 'संगणक प्रशिक्षण' आलं, तरी बाई पार्लरबाईच राहिल्या. मिसरूड फुटलेली, दिवसभर शेळ्या हाकणारी पोरं, आणि त्यांच्या आया भर रस्त्यात ओरडतात, "अरे ऊठ, पार्लरला उशीर होतोय!"

बाई तशा शहरातल्या. एका कचेरीत टायपिंग करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. नवरा बसचा ड्रायव्हर. तो निवृत्त झाला आणि म्हणाला, चल, माझ्या गावी राहू. बाई फणकारल्या, "तिथं मी काय करू? शेळ्यांना टायपिंग शिकवू?"

"शिकव की. शेळ्या तरी तुझं ऐकतील."

अशा प्रेमळ वातावरणात दोघं गावी आले. बाईंना करमत नव्हतं. मग एकदा नवऱ्याचं ब्लडप्रेशर दाखवायला त्या आरोग्य केंद्रात गेल्या. तिथं काउंटरवर नावनोंदणीला माणूस हवा होता. दूधवाल्याची थोरली मुलगी त्याच कामासाठी आली होती. शाळेत हुशार, केस चापूनचोपून, कागद नीट पिशवीत.

"कॉम्प्युटर येतो का?" आतून विचारणा झाली.

"बघितलाय," थोरली म्हणाली.

"कुठे?"

"शाळेत. कुलूप लावलेल्या खोलीत. खिडकीतून."

आतली माणसं हसली. वाईट नाही हसली, पण हसली. "शिकून ये, मग बघू." थोरलीनं मान हलवली आणि निघाली. शहरातल्या क्लासची फी भरायची तर तिच्या बापाला म्हैस विकावी लागली असती, आणि दूधवाल्यानं म्हैस विकल्यावर दूध काय विहिरीचं घालायचं? हे तिनं बाईंना बाहेरच्या बाकावर बसून सांगितलं, तेही विचारल्यावर. बाईंनी नवऱ्याचं ब्लडप्रेशर किती आलं तेही ऐकलं नाही. घरी येऊन त्यांनी जुन्या कचेरीत फोन लावला. तिथं नवे कॉम्प्युटर आले होते आणि जुने जिन्याखाली धूळ खात पडले होते. "घेऊन जा बाई, तेवढाच जिना मोकळा होईल," असं उत्तर मिळालं.

खोली दिली दूध केंद्राच्या अध्यक्षांनी. पण ते पडले हिशेबी. "बाई, खोली वापरा. तुमची पहिली तुकडी शहरात परीक्षेला बसेल ना, तोवर माझं काही म्हणणं नाही. निम्मी तरी पास झाली तर खोली तुमची. नाहीतर राग मानू नका, खताची पोती पावसात भिजतायत माझी."

"निम्मी काय, सगळी पास होतील," बाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर मात्र त्या बोटं मोजायला लागल्या, कारण तेव्हा त्यांच्याकडे विद्यार्थी एकही नव्हता, आणि पुढे पहिली आली तीही भुवया करायला.

पार्लर नाही हे कळल्यावर पहिली धावली थोरली, मग हळूहळू माणसं जमली. फी ठेवली मोबाइलच्या महिन्याच्या रिचार्जइतकी. ज्याला तेवढीही जड जाईल त्यानं आठवड्यातून एकदा कॉम्प्युटर उघडून सायकलच्या पंपानं आतली धूळ उडवायची. झालं भलतंच. पंप मारायला मिळावं म्हणून ज्यांना फी परवडत होती तेही खिसे उलटे करून दाखवायला लागले. शेवटी पंपाच्या पाळ्या लावाव्या लागल्या.

यंत्रं म्हणाल तर एकेक नमुना. एकाचं नाव 'आजोबा', कारण सकाळी उठायला वेळ लागायचा आणि उठल्यावर बराच वेळ नुसता खाकरायचा. एका कीबोर्डची काही बटणं गळून पडली होती, तिथं मावशीनं कोटाची बटणं चिकटवून दिली. त्यामुळे त्या कीबोर्डवर शिकलेल्यांना अजूनही 'आर' म्हटलं की तपकिरी, चार भोकांचं काहीतरी आठवतं. आणि खुर्च्यांच्या चाकांना विटा. आधी वीट लावायची, मग बसायचं. वीट विसरलं की थेट मोरीत, आणि वर बाईंची बोलणी.

बोलणी म्हणजे काय, बाईंच्या तोंडाला फाटक नाही. पण चिडायच्या त्या यंत्रांवर. "ए आजोबा, पोरगी कधीची वाट बघतेय, लाज वाटू दे!" असं त्या कॉम्प्युटरला दरडावायच्या, आणि पोरांना वाटायचं की चूक आपली नाहीच मुळी. शेळ्यावाल्या पोरानं एकदा टाइप केलेलं सगळं पुसून टाकलं. बाईंनी स्क्रीनकडे बघून डोळे वटारले, "खाऊन टाकलंस? भूक लागली होती तर सांगायचं!" पोरगा हसला आणि पहिल्यापासून टाइप करायला लागला. एरवी तो पळालाच असता.

बाई मागून यायच्या, खांद्यावरून हात पुढे घालून दाखवायच्या, आणि पोरं तसंच्या तसं करायची. थोरली तर इतकी तंतोतंत करायची की बाईंसारखी खोकायलाही लागली होती.

परीक्षेचा दिवस आला. बाईंचे ड्रायव्हरसाहेब टेम्पो घेऊन हजर. मावशी पुढे बसली, कारण तिला मागे बसलं की मळमळतं. बाई नवऱ्याशेजारी, बाकी सगळे मागे. वाटेत सगळे मांडीवर बोटं आपटत टायपिंगचा सराव करत होते. शेवटी ड्रायव्हरसाहेबच म्हणाले, "घाबरू नका रे. नापास झालात तरी खत भरायला हमाल लागतीलच." बाईंनी त्यांना असा चिमटा काढला की टेम्पो जरासा रस्ता सोडून परत आला.

परीक्षेचा हॉल म्हणजे गारेगार. भिंतीसमोर, माणूस सरपटेल एवढी फट सोडून, एकच लांबलचक टेबल, त्यावर ओळीनं चकचकीत कॉम्प्युटर. थोरली बसण्याआधी इकडेतिकडे वीट शोधत होती. परीक्षक साहेब सारखे मनगटावरचं घड्याळ बघणारे, त्यामुळे पोरांनी त्यांचं नाव लगेच घड्याळसाहेब ठेवलं. त्यांनी सांगितलं, "आधी थोडा सराव करा. मशीनची ओळख करून घ्या. मग पेपर." बाईंना त्यांनी काचेच्या दाराबाहेर उभं केलं.

आणि आत जो गोंधळ सुरू झाला म्हणता!

थोरलीनं माउस सरकवला, तिचा बाण जागचा हलेना. तिच्या शेजारणीनं अजून कशालाही हात लावला नव्हता आणि तिचा बाण मात्र सैरावैरा पळत होता.

"ए, माझा बाण सोड!"

"मी कुठे धरलाय? माझाच कोणीतरी पळवतंय!"

"अरे, मी हा बंद करतोय, तर त्याचं का बंद होतंय?"

ओळीच्या पहिल्या टोकाला बसलेली मावशी हात वर करून उभी राहिली. "साहेब, मला माउसच दिला नाही. वय बघून काढून घेतला काय?"

"तो काय तुमच्या उजव्या हाताला!" घड्याळसाहेब म्हणाले.

"तो हिचा आहे." मावशीनं शेजारी बसलेल्या थोरलीकडे बोट केलं.

"तिचा तिच्या उजवीकडे आहे!"

"तो पलीकडचीचा. असं कसं साहेब, आणि त्या शेवटच्या पोराला दोन दोन!"

आता एक गोष्ट सांगायची राहिली. बाई डावऱ्या आहेत. लिहितात डाव्या हातानं, केस विंचरतात डाव्या हातानं, चिमटे काढतात तेही डाव्याच हातानं. खोलीत यंत्रं मांडली तेव्हा त्यांनी सगळे माउस डावीकडे ठेवले, कारण त्यांच्या मते माउसची जागा तीच. कचेरीत त्यांच्या टेबलावर आयुष्यभर तो तिथंच होता. आणि गावात विचारणार कोण? बँकेतल्या बाईचे हात काउंटरच्या मागे, शाळेतला कॉम्प्युटर कुलपात. कॉम्प्युटर असाच असतो म्हटल्यावर असाच असतो. सगळी तुकडी डाव्या हाताची निघाली होती, आणि इथं जो तो आपल्या डावीकडचा, म्हणजे शेजाऱ्याचा, माउस पळवत होता.

काचेबाहेरून बाईंनी ओळीनं ते सगळे डावे हात पाहिले आणि पहिल्यांदा त्यांना दिसलं. इतके महिने मी या पोरांना काय शिकवलं? माझं वळण शिकवलं. आता ही बसतील नापास होत, आणि खोलीत खताची पोती जातील, आणि थोरलीला पुन्हा कोणीतरी हसेल. दोष कोणाचा? यंत्रावर ढकलायची सोयच नव्हती. बाईंनी काळा चष्मा डोळ्यांवर चढवला, कारण डोळे भरून आले होते. मग तो काढला आणि दार ढकलून आत शिरल्या.

"बाई, बाहेर थांबायचं!"

"पेपर सुरू झाला का?"

"नाही, पण—"

"मग दोन मिनिटं. साहेब, पोरं डाव्या हातानं शिकलीत. चूक माझी. माउस डावीकडे घेऊ द्या."

"चालणार नाही. उजव्या हातानं करा म्हणावं, त्यात काय एवढं?"

पोरांनी केला प्रयत्न. बाण म्हणजे दावं तुटलेलं वासरू, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. थोरलीनं ओठ घट्ट चावला आणि डावा हात मांडीखाली दाबून पुन्हा उजव्यानं सुरुवात केली.

मावशीला राहवेना. "साहेब, माझ्याकडे डावरं गिऱ्हाईक आलं तर मी शर्टाचा खिसा दुसऱ्या बाजूला लावते. त्याला हात बदलून ये म्हणत नाही."

"मावशी, ते शिवणकाम. हा परीक्षेचा हॉल आहे." घड्याळसाहेबांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: टेबलावरील कोणतीही वस्तू हलवू नये. "मागच्या वेळी एका तुकडीनं ओढाओढी करून दोन कीबोर्ड खाली पाडले. तेव्हापासून एक वस्तू इकडची तिकडे होऊ देत नाही मी."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं. स्क्रीन, माउस, स्क्रीन, माउस. थोरलीच्या उजवीकडचा माउस तिच्या शेजारणीच्या डावीकडेच तर पडला होता! माउस सगळे जागेवरच होते. नुसते ज्याचे त्याला जोडलेले नव्हते.

"टेबलावरचं काही हलवायचं नाही ना?" बाई म्हणाल्या. "मान्य. टेबलामागचं?"

"मागचं म्हणजे?"

"वायरी. प्रत्येक माउसची वायर मागून काढायची आणि उजवीकडच्या शेजाऱ्याच्या डब्यात खोचायची. माउस बोटभरही सरकणार नाही."

घड्याळसाहेबांनी भिंत पुन्हा वाचली, घड्याळ बघितलं. मागच्या वायरींबद्दल भिंतीवर काहीच नव्हतं. "करा. पण लवकर. आणि नंतर होतं तसं करून द्यायचं."

सांगायचा अवकाश, पोरं टेबलामागे. कॉम्प्युटर उघडून पंप मारायची सवय असलेली पोरं ती, कुठली वायर कुठे जाते ते त्यांना अंधारातही कळतं. शेळ्यावाला पोरगा पोटावर सरपटत ओळीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला. थोरलीनं बसून माउसवर डावा हात ठेवला. बाण तिचा तिलाच मिळाला होता. तिनं एकदा बाईंकडे पाहिलं आणि अगदी बाईंसारखी खोकली.

निकालाचं आत्ताच सांगून टाकते, उगीच जीव टांगणीला नको. एक सोडून सगळे पास झाले. तो एक म्हणजे शेळ्यावाला. नापास झाला म्हणणंही बरोबर नाही, एवढ्या गारव्याची सवय नाही म्हणून स्वेटर घालून बसला, ऊब आली आणि निम्म्या पेपरातच झोपला बिचारा. पुढच्या खेपेला स्वेटर न घालता बसला, जागा राहिला, पास झाला. मावशी आता गिऱ्हाइकांची मापं कॉम्प्युटरवर ठेवते आणि कोणाचं पोट किती सुटलं ते वर्षवार सांगते. थोरली आरोग्य केंद्राच्या काउंटरवर बसते. तिथं माउस डावीकडे आहे आणि कोणी हसत नाही, कारण रांग पूर्वीपेक्षा भरभर सरकते. अध्यक्षांनी खतासाठी पत्र्याची शेड बांधली, आणि त्यांची धाकटी सून नव्या तुकडीत आली. नव्या तुकडीला बाई पहिल्याच दिवशी विचारतात, "कैरी पाडायला दगड कोणत्या हातानं मारता?" आणि मग ज्याचा त्याला माउस लावतात. स्वतः मात्र उजव्या हातानं दाखवायला गेल्या की बाण त्यांच्या हातून सुटतो आणि पोरं खो खो हसतात. हसू देतात.

पण त्या दिवशी पेपर सुरू व्हायच्या आधी एक भानगड उरलीच होती. सगळ्यांना शेजारचा माउस मिळाला, पण मावशी ओळीत पहिली. तिच्या डावीकडे भिंत. आणि दुसऱ्या टोकाला, शेळ्यावाल्याच्या उजवीकडे, एक माउस बिनधन्याचा पडलेला. बाईंनी तो सरळ उचलला, वायरीसकट आणला आणि मावशीच्या डाव्या हाताशी ठेवला.

"बाई!" घड्याळसाहेब ओरडलेच. "हा हलवलात!"

"कोणता?"

"तुमच्या हातातला! जिथं होता तिथं ठेवा."

"तिथं ठेवला तर मावशीनं बाण काय फुंकरीनं ढकलायचा?"

"ते मला माहीत नाही. नियम म्हणजे नियम. टेबलावरची वस्तू."

"मग टेबलावरच आहे की! मघाशी या टेबलावर होता, आत्ताही याच टेबलावर आहे. मी कुठे पिशवीत घातला?"

"या टोकाचा त्या टोकाला गेला. म्हणजे हललाच."

"हो, हलला," बाई म्हणाल्या. "पण साहेब, आता पेपर सुरू झाला की ही सगळी पोरं तेच करणार. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पेपर संपेपर्यंत हलवत बसणार. मग सगळ्यांनाच बाहेर काढणार का?"

"ते वेगळं. ते काम आहे."

"बरं. मग माउस न हलवता काम कसं करायचं ते एकदा दाखवा. मी बघून ठेवते आणि पुढच्या तुकडीला तसंच शिकवते."

घड्याळसाहेब तरातरा आले आणि त्यांनी मावशीच्या माउसवर हात ठेवला. सगळी ओळ माना वळवून बघायला लागली. साहेबांचा हात जागच्या जागी, बाण जागच्या जागी. मावशी वाकून स्क्रीनकडे बघत होती, टाचण्या तोंडात असल्यासारखी गप्प.

"दाखवा ना साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग माउसवरचा हात हळूच काढून घेतला.

"बसा सगळे," ते म्हणाले. "पेपर सुरू."